मदत हवी आहे: चहा न पिणाऱ्या पोरांना जेवायला काय करू?

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. गेल्या आठवड्यात भर उन्हात दोन मुलं सायकलवरून दारात आली. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक. धर्म बदलायचा नाही, हे आम्ही सुरुवातीलाच सांगितलं, पण घामाने निथळणाऱ्या पोरांना पाणी न देता कसं पाठवायचं?

त्यातला धाकटा १९ वर्षांचा, आयडाहोचा. यूटा राज्यातल्या प्रोव्हो शहरात मिशनरींचं प्रशिक्षण संपवून इथे आल्याला तिसराच आठवडा. बोलतो सगळं जोडीदारच, हा नुसता मान डोलावतो. दोन वर्षं घर नाही, घरी फोन आठवड्यातून एकदा. २०१९ च्या आधी तर फोन वर्षातून दोनदाच असायचा म्हणे!

मी सवयीने चहा टाकला. कप पुढे केला तर त्याने अलगद वर तळहात धरला आणि कान लालबुंद झाले. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य. मलाच फार वाईट वाटलं.

आता हे घरी असतील त्या शनिवारी दोघांना जेवायला बोलावलंय. (महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, म्हणून तो टाळला.) कमी तिखट काय करू? वरणभात-तूप, बटाट्याची भाजी, पुऱ्या चालतील ना? चहाऐवजी कोकम सरबत की पन्हं? यूटाकडच्या कुणी या मुलांना जेवू घातलं असेल तर नक्की सांगा. पोरगं फार एकटं वाटतंय हो.