खुर्च्या सरकवणं हे नृत्य कसं? (लेकीच्या करिअरचा प्रश्न)

रावपुऱ्याची_आई:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. लेक यंदा म. स. विद्यापीठातून भरतनाट्यमचं बीपीए (नृत्याची पदवी) संपवतेय आणि आता म्हणते डान्स-थिएटरच करायचं. मला वाटलं नाटकात कामं करणार, तर तिने पिना बाउश नावाच्या जर्मन बाईंचं 'कॅफे म्युलर' दाखवलं, त्यात बायका डोळे मिटून चालतायत, सगळीकडे खुर्च्या, आणि एक माणूस धावत धावत त्यांच्या वाटेतल्या खुर्च्या बाजूला करतोय. मी म्हटलं अगं यात नाच कुठेय, तर दोन दिवस अबोला. तेरा वर्षं स्कूटीवरनं क्लासला नेआण केलीय हो मी! हे नक्की काय असतं आणि यात पोट भरतं का?

तत्कार:
ताई, तो खुर्च्या हटवणारा म्हणजे स्कूटीवाल्या तुम्हीच की 😄 बाकी चिडू नका, 1973 मध्ये बाउश जर्मनीतल्या वुप्पर्टालच्या नृत्यकंपनीची प्रमुख झाली तेव्हा तिथलेही लोक मधेच उठून दारं आपटत जायचे. ती नर्तकांना स्टेप्स देण्याऐवजी प्रश्न विचारायची, आणि उत्तरात जे येईल, हालचाल, बोलणं, एखादी आठवण, त्यातनंच प्रयोग बांधायची. स्टेजवर कधी माती पसरलेली, कधी हजारो फुलं. 1978 चं 'कॉन्टाक्टहोफ' तर तिने 2000 साली 65 च्या पुढच्या साध्यासुध्या लोकांना घेऊन केलं, नर्तक नव्हेत ते. 2009 ला गेली.

वाड्याचा_पाहुणा:
जर्मनीला कशाला जाता, नृत्यकार चंद्रलेखा आपल्या वाड्यात जन्मल्या, ठाण्याकडचं वाडा. 1952 चं त्यांचं अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर कार्यक्रम, आंध्रातल्या रायलसीमेच्या दुष्काळाच्या मदतीसाठी होतं, आणि यमुनेच्या भरलेल्या पाण्याचं वर्णन नाचता नाचता डोळ्यांपुढे ती भेगाळलेली जमीन आली. तो सल गेला नाही. 1985 ला 'अंगिका' केलं त्यात भरतनाट्यमसोबत कळरीपयट्टू (केरळची युद्धकला) आणि योग आणला, देवादिकांच्या गोष्टी बाजूला, नुसतं शरीर. अरैमंडी, म्हणजे भरतनाट्यममधली ती गुडघे वाकवून अर्धं बसणं, पक्की असल्याशिवाय हे होत नाही, तेव्हा तेरा वर्षं फुकट गेली असं मुळीच समजू नका.

सूरसागर_काठ:
पैशाचं मी सांगतो, कोणी सांगणार नाही. वुप्पर्टालची कंपनी सरकारी पैशावर चालणाऱ्या थिएटरातली, नर्तकांना पगार. आपल्याकडे तो नाही, म्हणजे गायकवाडांच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे दरबारी कलाकारांच्या खात्यात, नर्तकींना होता, सयाजीरावांच्या राणी लक्ष्मीबाईंबरोबर तंजावरहून आलेल्या त्या, पण आता ते सांगून काय उपयोग! हल्लीचे लोक शिकवतात, वर्कशॉप घेतात, ग्रँटचे फॉर्म भरतात, आणि आपल्याकडे नवरात्रीआधी गरब्याचे क्लास. त्यात लाज कसली? बंगळूरच्या अट्टकलरीसारख्या समकालीन नृत्याच्या संस्थेत चौकशी करा, आणि लेकीला फॉर्म भरायला शिकवा, नाच येतोच आहे तिला.

रावपुऱ्याची_आई:
सगळ्यांचे आभार. चंद्रलेखांचं विचारलं तर म्हणे आई हे मी तुला मागच्या दिवाळीत सांगितलेलं, तू चकल्या तळत होतीस. म्हणजे बोलली एकदाची. गरब्याच्या क्लासचं मात्र अजून काढलं नाहीये मी.