हार्डकोर १९८६ला संपलं? साफ नामंजूर

आडवाट:
परवा 'रेकॉर्डवाला' यांनी एका प्रतिसादात लिहिलं की हार्डकोर पंक (पंक रॉकचा आणखी कडक, आक्रमक प्रकार) म्हणजे १९८० ते ८६ एवढंच, नव्या माणसाने त्या काळातल्या दहा रेकॉर्ड ऐकाव्यात आणि थांबावं, पुढचं सगळं जिमवाल्या पोरांचं मेटल आहे. दोन ओळींत उत्तर देऊन राग जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

त्यांची दहा नावं उत्तमच आहेत. बॅड ब्रेन्सची १९८२ची पिवळी कॅसेट कुणी ऐकली नसेल तर आधी ती ऐका आणि मग पुढचं वाचा. पण थांबायचं कशासाठी? मायनर थ्रेटने जेवढं रेकॉर्ड केलं ते जवळपास सगळं पाऊण तासात ऐकून होतं. दहा रेकॉर्ड एका रविवारी संपतात. मग उरलेला जन्म त्याच घोटत बसायचं?

आणि ज्यांचं नाव घेऊन तुम्ही थांबायला सांगताय ती पोरं स्वतः कुठे थांबली? मायनर थ्रेटमधल्या पोरांचा आधीचा बँड टीन आयडल्स फुटला तेव्हा बँडच्या गल्ल्यात सहाशे डॉलर होते. ते वाटून न घेता त्यांनी रेकॉर्ड छापली, हजार प्रती, पाकिटं हाताने कापून, दुमडून, गोंद लावून. १९८० साली डिस्कॉर्ड लेबल असं उभं राहिलं आणि दोन वर्षांत त्याच लेबलने वॉशिंग्टनच्या अकरा बँडांचा संग्रह काढला. स्वतःचं चार लोकांनी ऐकलं की लगेच शेजारच्या बँडला पुढे करायचं, ही या संगीताची पहिल्यापासूनची रीत आहे.

बँड शोधायचे ते याच रीतीने. एखादी रेकॉर्ड आवडली की पाकिटावरची आभाराची यादी वाचायची. मागच्या फोटोत ड्रमरने कुठल्या बँडचा टीशर्ट घातलाय ते बघायचं. लेबलची पुढची-मागची चार नावं काढायची. जुने संग्रह तर खाणच आहेत. १९८४चा 'पीस' हा दुहेरी संग्रह लावला की जपानचे गिझम आणि इटलीचे रेचेड एकाच बैठकीत कानावर पडतात, आणि त्या प्रत्येक नावामागे एकेका शहरातली पाच-दहा नावं उभी असतात. नव्याकडून जुन्याकडेही असंच जाता येतं. टर्नस्टाइल या आजच्या बँडचा गायक आधी ट्रॅप्ड अंडर आइसमध्ये ड्रम वाजवायचा हे कळलेला पोरगा तिकडे वळतो, तिथून न्यूयॉर्कच्या क्रो-मॅग्सकडे आणि तिथून बॅड ब्रेन्सकडे. म्हणजे तुमच्याच यादीपाशी पोचतो, फक्त आपल्या पायांनी चालत. स्ट्रीमिंगचं यंत्र मात्र फिरून फिरून तीच दहा नावं पुढे करतं. तेच काम माणसांनीही करावं याचा मला संताप आहे.

रेकॉर्डवाला:
माझं वाक्य तुम्ही सोयीने उचललंत. थांबा म्हणजे एका रेकॉर्डपाशी थांबा, ती मुरू द्या. आज लोक दोनशे बँडांची यादी फेकतात आणि त्यातल्या एकाचा रिफ, म्हणजे गिटारची फिरून येणारी ओळ, गुणगुणून दाखवा म्हटलं की गप्प. ब्लॅक फ्लॅगचा १९८१चा अल्बम मी वर्षभर दुसरं काही न लावता ऐकलाय. गिटार कुठे मुद्दाम बेसूर जाते, गायक रोलिन्सचा आवाज कुठे फाटतो, सगळं पाठ आहे. ही भूक नव्या मंडळींत मला दिसत नाही.

आणि नव्या बँडांबद्दल बोललो त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. वेग हा हार्डकोरचा प्राण. डी.आर.आय.ने १९८३मध्ये सात इंची रेकॉर्डवर २२ गाणी बसवली. आज प्रत्येक गाणं त्या संथ ब्रेकडाउनची, म्हणजे मुद्दाम वेग तोडून येणाऱ्या जड भागाची, वाट बघत रखडतं. तो आला की पोरं हात-पाय फेकायला मोकळी. गाणं त्याच्यासाठीच लिहिलेलं असतं. याला मी मेटल म्हणतो आणि म्हणत राहीन.

ठेका:
मूळ विषयावर मी आडवाट यांच्याशी सहमत आहे, पण "वेग हा प्राण" वाचून राहवलं नाही. मी ड्रम वाजवतो. हे वाक्य स्टिक्स कधी हातात न धरलेल्या माणसाचं आहे.

तुमच्याच सालांतली उदाहरणं घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्लिपरचा अल्बम १९८२चा, जवळपास अख्खा रेंगाळत चालतो, आणि बाकी सगळे पळत असताना त्यांनी तो हट्टाने तसा केला. बॅड ब्रेन्स एकाच कार्यक्रमात कान फुटेल असं वाजवून पुढचं गाणं रेगे घ्यायचे. आणि ज्या ब्लॅक फ्लॅगचा एक अल्बम तुम्ही वर्षभर ऐकलात, त्यांच्याच १९८४च्या 'माय वॉर'ची दुसरी बाजू काढा. तीन गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, चिखलातून पाय ओढत नेल्यासारखी. ते ऐकून मेल्विन्स हा बँड संथ झाला आणि वायव्य अमेरिकेतल्या एका पिढीचा कान बदलला. हे १९८६च्या आत घडलंय.

वेगाबद्दलही थोडं सांगतो. मी इंग्लंडच्या डिस्चार्ज बँडचा ठेका शिकायला बसलो तेव्हा आधी फक्त पळत होतो. मनगट भरून यायचं, आणि ऐकणाऱ्याला पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटायचं. माझ्या शिक्षकांनी तोच ठेका निम्म्या वेगात वाजवायला लावला. तेव्हा कुठे कळलं की स्नेअर (काठीने वाजणारा ड्रम) आपल्या जागी ठाम असतो आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) त्याच्या मागेपुढे, तुम्ही अपेक्षा कराल त्या जागेच्या बाहेर पडते. त्या खटक्यामुळे गाणं पुढे ढकललं जातं. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या त्या चौघांकडून, म्हणजे डिस्चार्जकडून, स्वीडनच्या मॉब ४७ने आणि अँटी सिमेक्सने हा खटका उचलला, आणि आजही जगभर लोक तो वाजवतात. मेट्रोनोम वाढवून तो येत नाही.

रेकॉर्डवाला:
'माय वॉर'ची दुसरी बाजू मी आजही लावत नाही. कुणी तिला थोर म्हणालं म्हणून माझा कान बदलणार नाही. त्या वेळच्या कित्येक चाहत्यांनाही ती झेपली नव्हती हे विसरू नका. आणि फ्लिपर हा मी हार्डकोर धरतच नाही.

संथ भागाचा मला राग का, तेही ऐका. माझ्या धाकट्या भावाला मी एका कार्यक्रमाला घेऊन गेलो होतो. तो कडेला भिंतीला टेकून उभा होता, नाचत नव्हता, कुणाच्या मध्ये आला नव्हता. बँडने वेग तोडला, आणि एक धिप्पाड माणूस डोळे मिटून हात गरागरा फिरवत आला. कोपर भावाच्या तोंडावर बसलं. समोरचा दात अर्धा गेला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. भावाने त्यानंतर या संगीताचं नाव टाकलं. तुम्ही मला मेल्विन्स सांगू नका. ब्रेकडाउन म्हटलं की मला तो अर्धा दात दिसतो.

ठेका:
भावाचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण तो राग त्या माणसावर काढा. एका माणसाच्या कोपरासाठी एक अख्खी लय गुन्हेगार ठरवताय. क्रो-मॅग्सच्या १९८६च्या अल्बममध्ये असे संथ भाग जागोजाग आहेत, आणि तो अल्बम तुमच्या दहांत आहे. तिथे कसा चालतो?

रेकॉर्डवाला:
तिथे तो गाण्याच्या ओघात येतो. फरक ऐकू येत नसेल तर मी समजावू शकत नाही.

उंबरठा:
पन्नास प्रतिसाद वेगावरच जाणार असं दिसतंय, म्हणून मध्ये पडते. रेकॉर्डवाला, तुमच्या यादीत दहापैकी दहा बँड पुरुषांचे आहेत, यावर इथे कुणी अवाक्षर काढलं नाही.

ब्लॅक फ्लॅगची बेस गिटार किरा रोसलरने वाजवली, १९८३ ते ८५. त्याच काळात ती इंजिनियरिंग शिकत होती. तुम्ही ज्याला संथपणाचं पाप म्हणता, त्या काळातला स्टेजवरचा भार तिने उचललाय. जपानच्या द कम्सची गायिका चिटोसे हिचा १९८३चा अल्बम तुमच्या सालांत बसतो, वेगातही बसतो. मग तो यादीत का नाही? कारण तुम्हाला ज्यांनी यादी दिली त्यांच्या यादीत तो नव्हता. ठरावीक दहांचा धोका हाच आहे. अशा याद्या एकाकडून दुसऱ्याकडे तशाच्या तशा जातात आणि गाळलेली नावं कायमची गळतात.

मी जुन्या बँडांचे टीशर्ट घालणाऱ्या मित्रांबरोबर कार्यक्रमांना जायचे. माझं काम काय, तर मागे उभं राहून सगळ्यांची जॅकेटं सांभाळायची. पुढे जाऊ का विचारलं की "तुला लागेल". हे सगळं त्या पवित्र दहा रेकॉर्ड तोंडपाठ असलेल्या लोकांकडून. मग मला ऑलिंपियाच्या ग्लॉसचं रेकॉर्डिंग मिळालं. ट्रान्स-स्त्रीवादी बँड, २०१६ला एका मोठ्या लेबलचे पन्नास हजार डॉलर त्यांनी नाकारले, कारण त्या लेबलचं वितरण एका बड्या कंपनीकडे होतं. त्यांच्यामुळे मी हार्डकोरमध्ये टिकले, आणि त्यांच्यावरून मागे जात जात द कम्सपर्यंत पोचले. मायनर थ्रेट मी सगळ्यात शेवटी ऐकला. आवडलासुद्धा. पण दार त्यांनी उघडलं नाही.

खाचखळगे:
'पीस' संग्रहाचं नाव निघालं म्हणून सांगतो. मूळ प्रतीचा भाव बघितलाय का कुणी? विद्यार्थ्यांनी स्वस्तात छापलेल्या रेकॉर्ड आज प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात पडल्यात आणि त्यांचे मालक त्या वाजवतही नाहीत. एका विक्रेत्याने मला "न वाजवलेली प्रत" म्हणून दुप्पट भाव सांगितला. न वाजवलेली हार्डकोर रेकॉर्ड ही शरमेची गोष्ट आहे. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या डिजिटल करून लोकांपुढे ठेवाव्यात. जुने बँड शोधण्यातला सगळ्यात मोठा अडथळा हा आहे. तुमचा तो ब्रेकडाउन नाही.

आडवाट:
खाचखळगे यांना शंभर टक्के अनुमोदन. आणि नव्यांसाठी हे काम होतंय. फिलाडेल्फियाचं हेट५सिक्स कार्यक्रमच्या कार्यक्रम चित्रित करून फुकट टाकतं. समोरचे लोक माइक हिसकावून गातात ते बघितलं की बँड अर्ध्या मिनिटात कळतो. रेकॉर्डवाला, भूक दिसत नाही म्हणालात ना? तिथे पहिल्या रांगेतली पोरं शब्द न शब्द पाठ म्हणतायत.

रेकॉर्डवाला:
उंबरठा, द कम्स काल रात्री ऐकला. यादीत घालतो. दहाच्या अकरा झाल्या, हरकत नाही. जॅकेटांचं जे लिहिलंत ते मी बघितलंय, आणि तेव्हा तोंड उघडलं नाही, हेही खरं.

सोल ग्लो या नव्या बँडचा २०२२चा अल्बमही ऐकला. वेग आहे, राग आहे, शब्द इतके दाटीवाटीने येतात की श्वास कुठे घेतो कळत नाही. चांगला आहे. हा एक बँड मी मानला, एवढंच. टर्नस्टाइल मात्र मला सांगू नका. २०२१च्या त्या अल्बमला निर्माता कोण, तर हिप-हॉपवाल्या डॉ. ड्रेबरोबर काम केलेला माइक एलिझोंडो. इतकी गुळगुळीत रेकॉर्ड हार्डकोर नसते.

आडवाट:
पाकिटं हाताने चिकटवली म्हणून मायनर थ्रेट मोठा झाला नाही, गाण्यांमुळे झाला. आणि नाव झाल्यावर टर्नस्टाइलने काय केलं? २०२५च्या मे महिन्यात बाल्टिमोरच्या एका बागेत मोफत कार्यक्रम केला आणि बेघरांच्या आरोग्यसेवेसाठी पैसे जमवले. बाल्टिमोरचाच एंड इट ऐका. तुम्हाला हवा तितका खरखरीत आहे. नावाजलेल्यावरून शेजारच्याकडे जायचं, हेच तर पहिल्यापासून सांगतोय.

उंबरठा:
दहाच्या अकरा केल्यात, ठीक. पण "हरकत नाही" हे उपकार केल्यासारखं का? तो अल्बम चाळीस वर्षं तिथेच होता.

ठेका:
वेगाचा विषय मी सोडलेला नाही. रेकॉर्डवाला, टोकियोचा गॉझ घ्या. १९८१ला सुरू झाला. १९८६चा अल्बम तुमच्या हद्दीत येतो, ऐकला नसेल तर आजच ऐका. ड्रमरने कुठेही श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही. त्याच बँडने २०२१ला पुन्हा अल्बम काढला आणि पुढच्या वर्षी थांबला. दोन्ही लागोपाठ लावा.

रेकॉर्डवाला:
गॉझ माझ्याकडे आहे. तो जुना बँड, माझ्या बाजूने मोजा.

ठेका:
१९८६ला हार्डकोर संपलं तर २०२१ची ती रेकॉर्ड कुठल्या खणात ठेवलीत? मेटलच्या?