विषय: नागपूरच्या कॉम्प्युटरवरून विंडोज ७ काढायचंय

नमस्कार मंडळी,
सध्या धरमपेठेतल्या घरी आहे. बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ७ आणि १०, दोन्ही आहेत. सुरू केला की काळ्या पडद्यावर निवड विचारतो. बाबांना चष्मा सापडेस्तोवर तीस सेकंद संपतात आणि ७ उघडतं. त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले. दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉरमॅट मारून टाका, काही होत नाही." मारू का?
– धरमपेठकर

थांब रे बाप्पा!
आधी १० मध्ये जाऊन डिस्क मॅनेजमेंट (डिस्कचे भाग दाखवणारी खिडकी) उघड आणि ‘सिस्टीम’ हा शब्द कोणत्या पार्टिशनखाली, म्हणजे डिस्कच्या भागाखाली, दिसतो ते बघ. मशीन सुरू करणाऱ्या फायली तिथे असतात. ‘बूट’ लिहिलंय तिथे फक्त चालू असलेलं विंडोज. नावं उलटी वाटतात, पण आहे हे असंच. शंभर एमबीचा ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ तुकडा निघाला, तर त्याला हात न लावता ७ खुशाल उडव. शब्द ७ च्याच पार्टिशनवर असेल तर मात्र फॉरमॅटनंतर १० सुद्धा उठणार नाही. आधी बीसीडीबूट ही विंडोजमधलीच कमांड चालवून त्या फायली हलवाव्या लागतील.

सुरुवातीच्या त्या निवडीच्या मेन्यूसाठी एमएसकॉन्फिग हे विंडोजमधलंच सेटिंगचं साधन उघड, त्यात बूट टॅब. १० ला डिफॉल्ट कर, मग ७ ची ओळ डिलीट.

आणि बाबांचं मराठी टायपिंग कृतिदेवमध्ये आहे काय? मग नुसत्या फायली कॉपी करून भागत नाही. ७ च्या विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मधून तो फॉन्टही उचल. कृतिदेव युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखी दिसणारी पद्धत, नाही. फॉन्ट गेला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. दुरुस्तीवाले हे कधी विचारत नाहीत.
– तुमचे काका

काका, शंभर एमबीवालाच निघाला! ७ गेलं, कृतिदेव आला, बाबांच्या सगळ्या फायली नीट उघडतात. पण मोकळी जागा सी ड्राइव्हला जोडता येईना, ‘एक्स्टेंड’ फिकटच दिसतं.
– धरमपेठकर

जागा सी च्या डावीकडे आहे ना? ‘एक्स्टेंड’ फक्त उजवीकडची लागून असलेली जागा घेतं. त्या जागेचा वेगळा डी ड्राइव्ह करून बाबांचे फोटो ठेव. बाकी १० चेही नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत, तेव्हा त्यावर बँकेचे व्यवहार नको करू देऊस.
– काका

ते सांगितलं. त्यांची तक्रार वेगळीच आहे: १० मधल्या पत्त्यांच्या खेळात जाहिराती काऊन येतात म्हणे!
– धरमपेठकर