मदत हवी आहे: आईचा हात वर जात नाही, फिजिओथेरपी सुरू कुठून करायची?

वैतागलेला_पुणेकर: हाडांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीच्या तळाशी नुसतं 'फिजिओ' खरडलं. म्हणजे नक्की काय करायचं? एका सेंटरवाल्याने फोनवरच दहा दिवसांचं पॅकेज सांगितलं, पैसे आगाऊ. शेकच देणार असतील तर घरी गरम पाण्याची पिशवी आहे. माझी रजा रविवारी संपते, जरा लवकर सांगा. आणि तेलं-काढे सुचवू नका, प्लीज.

रानजाई: कुठला हात? वय किती? पडल्या होत्या का? किती दिवसांपासून? काहीच लिहिलं नाहीत हो.

भाऊ_कोल्हापूरकर: नको म्हणालात तरी सांगतो. महानारायण तेल कोमट करून रोज चोळा. आमच्या इकडे हाड बसवणारे आहेत, एका झटक्यात खांदा मोकळा करतात.

वैतागलेला_पुणेकर: उजवा हात. पडलीबिडली नाही. वेणी घालता येत नाही, मागचे हूक लागत नाहीत. अजून काय सांगू?

फिजिओताई: भाऊ, तेल चोळा हवं तर, पण झटका अजिबात नको. उतारवयात हाडं ठिसूळ असली तर दंडाचं हाड मोडू शकतं.
धागाकर्ते, एक करून बघा. आईला आडवं झोपवा, हात सैल सोडायला सांगा आणि तुम्ही हळूच उचला. तुम्ही उचलल्यावर जातो का, की तिथेही अडतो? मग कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवून बघा. आणि मधुमेह आहे का?

वैतागलेला_पुणेकर: मी उचलला तरी अडतो. बाहेर तर जवळजवळ वळतच नाही. साखर आहे, पण कंट्रोलमध्ये. उपाशीपोटी १६०-१७० असते नेहमी. तिचा खांद्याशी काय संबंध?

रानजाई: १६०-१७० ला कंट्रोल म्हणतात? 😳

फिजिओताई: संबंध आहे. सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, तो फ्रोजन शोल्डर मधुमेह्यांमध्ये बराच जास्त दिसतो आणि सुटायलाही वेळ लावतो. नुसता स्नायूबंध फाटला असेल तर स्वतःला हात उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला की बहुतेक वेळा जातो. तुमच्या वर्णनावरून आखडलेलाच वाटतो, पण निदान तपासल्याशिवाय नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर आधी बघून घ्या.
पहिल्या भेटीत मशीन लावत नाहीत, आधी तपासतात. कधीपासून, रात्री दुखतं का, कुठलं काम अडतं ते विचारतात. गोनिओमीटरने, म्हणजे मोठ्या कोनमापकासारखं असतं त्याने, हात किती अंशांपर्यंत जातो ते मोजून लिहून ठेवतात. पुढे तेच आकडे परत मोजायचे. न बघता फोनवर दहा दिवस सांगणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

मशीनप्रेमी: असहमत. मला आयएफटी (सौम्य विजेचा प्रवाह देणारं मशीन) आणि अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार) यांनीच आराम पडला. व्यायाम काय, यूट्यूबवर ढीगभर आहेत.

फिजिओताई: आराम पडतो, नाही कुठे म्हटलं? दुखणं थोडा वेळ दबतं, त्या वेळात हात हलवून घ्यायचा असतो. मशीनखाली पडून राहून आखडलेलं आवरण सुटत नाही.

मशीनप्रेमी: म्हणजे मी काय उगाच पैसे घातले? तसंही फिजिओ म्हणजे काही डॉक्टर नव्हेत.

गावचा_मास्तर: झालं सुरू! सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य संचालनालयाने फिजिओंनी नावाआधी 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. त्यावर वेगळा धागा काढा. इथे महत्त्वाचं हे की महाराष्ट्रात भौतिकोपचाराची राज्य परिषद आहे, नोंदणी आहे का ते बिनधास्त विचारा. पाटी काय, कोणीही लावतं.

काकू_डोंबिवली: गादी बदला. कापसाची घ्या. आमच्या ह्यांची कंबर त्यानेच सुटली.

रानजाई: काकू, खांदा चाललाय 🙏

वैतागलेला_पुणेकर: आई पुण्यात नसते, साताऱ्यात एकटी असते. रोज कोण नेणार तिला?

रानजाई: हे आता सांगताय!

गावचा_मास्तर: मग सिव्हिलला न्या. ओपीडीत केसपेपर काढा, आधी हाडांच्या विभागात दाखवा, तिथून फिजिओला पाठवतील. सकाळी लवकर जा, रांग असते.

फिजिओताई: रोज नेलंच पाहिजे असं नाही. तपासणी एकदा नीट होऊ दे, व्यायाम तिथेच शिकून घ्या, मग काही दिवसांनी दाखवायला जायचं. खरं काम घरीच असतं. साधारण असं देतात: डावा हात टेबलावर टेकून पुढे वाकायचं, उजवा सैल लोंबकळत ठेवून हळूहळू झुलवायचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. थोडे थोडे, दिवसातून दोन-तीनदा. ताण जाणवला तर चालेल, पण दुखणं रात्रभर टिकलं तर जास्त झालं असं समजा. आणि आठवड्यात हात सुटेल ही आशा सोडा, यात महिने जातात, कधी वर्षाच्या वर.

भाऊ_कोल्हापूरकर: त्यापेक्षा खांद्यात इंजेक्शन घ्या, मेहुण्याला लगेच फरक पडला.

फिजिओताई: काहींना पडतो, विशेषतः सुरुवातीला. पण ते स्टेरॉइड असतं, साखर काही दिवस वर जाते. या साखरेवर डॉक्टरांना विचारूनच.

वैतागलेला_पुणेकर: वर्ष?? बरं. उद्या सिव्हिलला नेतो. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही तिला, त्याचं काय?

फिजिओताई: उताणं झोपवा आणि उजव्या कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवा, हात मागे लोंबायला नको. डाव्या कुशीवर झोपायचं तर पोटाशी उशी घेऊन तिच्यावर हात ठेवायचा.

नवीन_सभासद: सासऱ्यांचा गुडघा बदललाय, वाकवायला तयारच नाहीत. इथेच विचारू का?

गावचा_मास्तर: नवा धागा काढा. आणि वय, शस्त्रक्रियेची तारीख, साखर आधीच लिहा.