मदत हवी आहे: ओबीच्या कामात मोठे पोकलेन घ्यावेत की आधी हॉल रोड (टिप्परांचा रस्ता) सुधारावा?

नमस्कार मंडळी,

वणी पट्ट्यातल्या एका कोळशाच्या ओपनकास्ट खाणीत ओबी (कोळशावरची माती आणि दगड) काढायच्या कंत्राटावर मी साइट इन्चार्ज आहे. तीन पोकलेन, बकेट २.४ घनमीटरची. टिप्पर १८. फेसपासून (जिथे खोदाई चालते) डंप (जिथे ओबी टाकतो) सव्वादोन किलोमीटर. मालक म्हणतात, ही तीन काढून ४.३ घनमीटरची दोन मशीन घेऊ; ऑपरेटर कमी लागतील, घनमीटरमागे डिझेलही कमी जळेल. डिझेलचं त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी माझं मन घेत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्यासमोर हिशोब मांडायचा आहे, त्याआधी जाणकारांनी तपासून द्यावा.

तीन दिवस फेसवर घड्याळ घेऊन बसलो. एका बकेटीत सुटा माल साधारण २ घनमीटर येतो, टिप्परात १८ मावतो, म्हणजे नऊ बकेटी. बकेटीला २२ सेकंद, टिप्पर मागे घेऊन लावायला ४०. चार मिनिटांत एक टिप्पर, तासाला १५ निघायला हवेत. निघतात ११.

रोज तीनेक टिप्पर वर्कशॉपात असतात. उरलेल्या १५ ची फेरी सध्या २७ मिनिटांची पडते. उन्हाळ्यात हीच फेरी २० मिनिटांत व्हायची. काळ्या मातीवरचा रस्ता पावसात बसलाय, टायर पाच सेंटीमीटर रुततात. आमचा चढ १६ ला १, म्हणजे सव्वासहा टक्के. टणक रस्त्यावर चाकांच्या ओढीचे २ टक्के त्यात धरायचे, आता ते ५ झालेत. भरलेल्या गाडीला सव्वाआठऐवजी सव्वाअकरा टक्के चढावं लागतं, वेग पाऊणपट राहतो. त्यात एक गाडी रेंगाळली की मागच्या सगळ्या तिच्यामागे. मग फेसवर एकदम चार टिप्पर येतात, आणि ते गेले की ऑपरेटर बकेट टेकवून वाट बघत बसतो. हे बघवत नाही.

मोठं मशीन पाच बकेटीत टिप्पर भरेल, कबूल. पण फेरीमागे वाचेल एखादं मिनिट. तिन्ही पोकलेन मिळून तासाला आज ३३ फेऱ्या होतात, त्या फार तर ३५ होतील. रस्ता दुरुस्त करून फेरी पुन्हा २० मिनिटांवर आणली, तर याच मशीनवर ४५ निघतात. शिवाय दोनांतलं एक बंद पडलं की निम्मं काम बसलं.

यात माझी कुठे चूक होतेय का? टिप्पर ठरावीक पोकलेनला बांधून ठेवता की जिथे रांग कमी तिथे पाठवता? मोकळे सोडले तर फेऱ्यांचा हिशोब कोण आणि कसा ठेवतं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: काळ्या मातीवर हॉल रोड टिकवलेल्यांनी सांगा, खालची माती किती खोल काढलीत, वर मुरूम आणि दगड किती जाडीचा टाकलात, ग्रेडर (रस्ता सपाट करायचं मशीन) दिवसातून किती वेळा फिरवता? आमच्याकडे ग्रेडर एकच आहे आणि तोही दुपारनंतर दुसऱ्या फेसवर जातो.