मदत हवी आहे: अल्झायमर झालेल्या बाबांना सांभाळताना आईची प्रकृती ढासळते आहे

नमस्कार. माझे आईबाबा कराडला राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. बाबांना अल्झायमरचे निदान होऊन काही वर्षे झाली. त्यांच्या औषधोपचारांविषयी मला इथे काही विचारायचे नाही. त्यांचे डॉक्टर चांगले आहेत आणि आमचा त्यांच्यावर विश्वास आहे. माझा प्रश्न आईविषयी आहे. ती ६४ वर्षांची आहे. घरात आजारी कोण, असे विचारले तर सगळे बाबांकडे बोट दाखवतात, आणि आईही त्याला अपवाद नाही.

बाबा रात्री दोनतीनदा उठतात आणि दाराकडे जातात. म्हणून आईने पुढच्या दाराला अगदी वर, त्यांची नजर सहज जाणार नाही अशा उंचीवर, दुसरी कडी बसवून घेतली. तेवढ्यानेही भरवसा वाटेना, तेव्हा जुन्या सुती साडीची एक पट्टी काढून तिचे एक टोक ती बाबांच्या मनगटाला सैल गाठ मारून बांधते आणि दुसरे आपल्या बोटांना गुंडाळून झोपते. ते हलले की ओढ बसते आणि ती जागी होते. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास बाबांची घालमेल वाढते. चाळीस वर्षे राहत असलेल्या घरात उभे राहून ते ‘मला घरी जायचंय’ म्हणतात, आणि आई त्यांना हॉल, स्वयंपाकघर, देवघर पुन्हा पुन्हा दाखवत राहते.

गेल्या वर्षभरात तिचा रक्तदाब गोळी चालू असतानाही १५०/९५च्या आसपास राहू लागला आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. मान आणि खांदे कायम आखडलेले असतात, जेवणाची इच्छा नसते, सर्दी एकदा झाली की रेंगाळते. कुकरच्या वाफेने हातावर झालेली छोटी भाजलेली जागा कित्येक आठवडे भरून आली नाही, तेव्हा मी तिला हट्टाने डॉक्टरांकडे नेले. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळे ठीक निघाले आणि शेवटी सल्ला मिळाला तो ‘ताण कमी करा’ एवढाच. सल्ला चुकीचा नव्हता, पण तो अमलात कसा आणायचा हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचते आहे. संकट समोर आले की अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते. संकट टळले की हे सारे पूर्ववत व्हावे, अशी शरीराची रचना आहे. आईच्या बाबतीत ते टळतच नाही. कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असायला हवे, आणि तिची तर तीच वेळ कान टवकारून पडून राहण्याची असते. शरीरावर साचत जाणाऱ्या या ओझ्यावर ब्रूस मॅकईवेन या शास्त्रज्ञाने बराच काळ काम केले होते, असेही वाचले.

वाचलेल्यापैकी दोन अभ्यासांनी मला अस्वस्थ केले. अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली, घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या आणि त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या हातावर एकसारखी बारीक जखम करून ती भरायला किती दिवस लागतात हे मोजले. सांभाळणाऱ्या स्त्रियांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. हे वाचताना आईचा हात डोळ्यांसमोर आला. दुसरा अभ्यास १९९९चा, शुल्झ आणि बीच यांचा. आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्धांपैकी ज्यांना त्याचा ताण जाणवत होता, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण चार वर्षांत, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. सांभाळूनही ताण न जाणवणाऱ्यांत मात्र अशी वाढ दिसली नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘नवऱ्याचं करण्यात कसला आलाय ताण?’ असे आमच्या आत्या म्हणतात आणि आईला ते पटते. बाबांची सेवा तिच्याकडून काढून घ्यावी असे मला मुळीच वाटत नाही; त्या सेवेभोवती जे एकटेपण आणि जागरण आहे, ते कमी व्हावे एवढीच माझी इच्छा आहे.

सकाळी फिरायला जा, प्राणायाम कर, भजनी मंडळात जा, हे सगळे सांगून झाले आहे. यातली प्रत्येक गोष्ट उपयोगी आहे हे मान्य, पण त्यासाठी आधी हाताशी मोकळा तास लागतो आणि तिला तो नाही. ब्युरोतून बाई ठेवू म्हटले तर ‘परक्या बाईने यांना आंघोळ घातलेली मला चालणार नाही’ म्हणते. घरातल्या रुग्णाला असे सांभाळलेल्यांनी कृपया सांगावे, की अशा माणसाला मदत स्वीकारायला कसे तयार केले, रात्रीची झोप कशी मिळवून दिली, आणि तासाभराचीही सवड नसताना ताण उतरवण्याचे कोणते उपाय खरोखर निभावले?

प्रतिसाद १

ताई, मी नाशिकला माझ्या पत्नीला याच आजारात सात वर्षे सांभाळले, म्हणून लिहितो. आंघोळीपासून सुरुवात करू नका. आमच्याकडे आलेल्या मावशी पहिले काही आठवडे फक्त भाजी निवडायच्या, कपड्यांच्या घड्या करायच्या आणि पत्नीशेजारी बसून गप्पा मारायच्या. चेहरा ओळखीचा झाल्यावर एक दिवस मीच वाण्याकडे जाऊन आलो. पुढे रोजचे दोन तास ठरले, आणि त्या वेळात मी घरात थांबायचे नाही असा नियम केला, कारण घरात असलो की हाक यायचीच.

तुम्ही कराडला जाल तेव्हा रात्र तुमच्याकडे घ्या. आईंना दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपू द्या. पहिल्या रात्री त्या उठून पाहायला येतील, तरी हट्ट सोडू नका. ती पट्टी मात्र काढून टाका. बाबा झटक्यात उठले तर दोघांपैकी कोणीतरी पडेल. दार उघडताच वाजणारी चुंबकाची छोटी घंटी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. ती लावल्यावर मला प्रथम निर्धास्त झोप लागली. बाबांची दुपारची झोप थोडी आखूड करा, सकाळी त्यांना उन्हात बसवा, दुपारनंतर चहा देऊ नका आणि अंधार पडण्यापूर्वीच घरातले सगळे दिवे लावा. ‘घरी जायचंय’ म्हटले की हेच घर आहे हे पटवत बसू नये. ‘जाऊ या, आधी चहा घेऊ’ म्हणून तेवढ्यापुरते त्यांच्याबरोबर चालावे आणि तो ‘चहा’ म्हणजे नुसते दूध किंवा चहापत्ती न घातलेला गवती चहा असावा. पटवून देण्याच्या धडपडीत माझी जेवढी शक्ती गेली, तेवढी शारीरिक कामांत गेली नाही.

कोणाशी तरी बोलता येणे हेही औषधाइतकेच गरजेचे आहे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येते. तो क्रमांक रुग्णाप्रमाणेच त्याला सांभाळणाऱ्यांसाठीही आहे, हे आईंना जरूर सांगा.

प्रतिसाद २

मी जनरल प्रॅक्टिस करतो. न भरणाऱ्या जखमेचे सगळे खापर ताणावर फोडू नका. अजून ती भरली नसेल तर पुन्हा दाखवा. सरासरी साखर ५.७ ते ६.४च्या दरम्यान असणे म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणे, त्यामुळे ती तपासणी अधूनमधून करत राहावी. मान दुखते म्हणून त्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेतात का, हे विचारा, कारण अशा अनेक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि पोटाचाही त्रास होतो. घरी मशीनवर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे शांत बसून आठवडाभर रक्तदाब मोजा आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवा.

वेळ नसताना करण्याजोगा एक उपाय म्हणजे संथ श्वसन, मिनिटाला साधारण सहा श्वास आणि उच्छ्वास श्वासापेक्षा लांब. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभे राहूनही ते करता येते. चालणेही एकदमच व्हायला हवे असे नाही. दहा दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. मात्र उदासी, रडू येणे, कशातच मन न लागणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, किंवा ‘आता सुटका झाली तर बरं’ असे त्या बोलू लागल्या, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. गोळ्यांबद्दल आईला आजच फोनवर विचारले. मानेसाठी ती जवळजवळ रोज एक वेदनाशामक घेते आणि हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. डॉक्टरांना दाखवेपर्यंत ती बंद ठेवायला सांगितली आहे. येत्या शनिवारी घंटी घेऊन जाते आहे. दादा बंगळुरूला असतो; महिन्यातले एक शनिवार-रविवार त्याने आणि एक मी, असे आम्ही ठरवले आहे, आणि त्या दोन्ही रात्री आईने वरच्या मजल्यावर झोपायचे आहे. मावशी मिळवण्याचे काम अजून बाकी आहे. कराड किंवा मलकापूर भागात वयस्क रुग्णांची सवय असलेल्या, दुपारचे दोन तास येऊ शकतील अशा कोणी माहितीतल्या असतील, तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.