मदत हवी आहे: जाफन्यातल्या विद्यार्थ्यांसाठी उद्योजकतेचा कोर्स

नमस्कार मंडळी, मी नेरुळची, मॅनेजमेंट शिकवते. श्रीलंकेत जाफन्याला शिकवणाऱ्या एका मैत्रिणीसोबत पदवीच्या मुलांसाठी एका सत्राचा उद्योजकतेचा कोर्स आखतेय.

आपला नेहमीचा साचा तिथे चालत नाही. १९८३ ते २००९ तिथे सरकार आणि तमिळ बंडखोरांचं यादवी युद्ध. बँक तारण मागणार, पण कित्येकांच्या जमिनी लष्कराने घेतल्या. बऱ्याच परत मिळाल्या, सगळ्या नाहीत. विस्थापनात कागदपत्रंही गेली. अनेक घरं एकट्या बाया चालवतात आणि त्यातल्या कितीतरी मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांत अडकल्यात. त्यांच्या मुलांना ‘बिनधास्त रिस्क घ्या’ कुठल्या तोंडाने सांगायचं? पिच कॉम्पिटिशन (परीक्षकांपुढे धंद्याची कल्पना मांडायची स्पर्धा) मी सरळ उडवली. (तसाही तो फोटोपुरताच प्रकार!)

सुरुवात ताडापासून करावी म्हणतेय. आपल्याला ताडगोळे तेवढे माहीत. तिथे गूळ, टोपल्या, कंदाचं पीठ, सगळं होतं. पण ताडगूळ दमट हवेत ओलावा धरतो, चिकट होतो. म्हणजे पॅकिंग आणि त्याचा खर्च, हाच पहिला धडा.

तुर्भे, महापे, रबाळे भागात कुणाचं फूड पॅकिंगचं छोटं युनिट आहे का? कमी मालासाठी पाऊच-सीलिंगचा हिशोब समजून घ्यायचाय. आणि बचत गटांसोबत कॉलेजची मुलं जोडून काम केलेल्यांनी सांगा: धंदा चालला नाही तर मुलांना गुण कशावर देता? इथेच लिहा, बाकीच्यांनाही उपयोग होईल.